निळी पट्टी

कोठीघरातला दिवा गेला, एवढंच निमित्त. इदालिना बोतेल्योनं स्टूल आणलं, नवा दिवा एप्रनच्या खिशात टाकला आणि स्टुलाला जागा व्हावी म्हणून कोठीघराचं दार आतून लोटून घेतलं. तेहेतीस वर्षांत ते दार आतून कधी लागलं नव्हतं. कोण कशाला लावील? दार उघडायचं, कांदे घ्यायचे, खारवलेल्या माशाचा डबा घ्यायचा, की बाहेर. उघडलेलं दार नेहमी त्या एका भिंतीवर जाऊन टेकायचं आणि भिंत बापडी त्याच्यामागे पडून राहायची. दिवा लागला तेव्हा तिला त्या भिंतीवर, गॅसच्या पाइपाशेजारी, निळी चिकटपट्टी दिसली. बोटभर लांबीची, रंगारी लावतात तसली. वर काळ्या शाईनं एक बाण आणि दोन शब्द: युनिट दोन. इदालिना स्टुलावर तशीच उभी राहिली. हे घर म्हणजे मधला मजला. टपालवाल्याला मधला मजला, पाद्र्याला मधला मजला, आणि खाली राहणारे घरमालक म्हातारे सेन्योर हेर्मानू तर जिन्यातून हाक मारायचे तीच मुळी "ओ मधल्या बाई!" अशी. युनिट दोन हे कुणाचं नाव? आपल्या कोठीघरात, आपल्या कांद्यांच्या वर, कुणीतरी येऊन आपल्या घराचं बारसं करून गेलं आणि आपल्याला पत्ता नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती पुढे गप्प बसायलाच तयार होईना.

कारण युनिट म्हणजे काय ते सबंध रस्त्याला ठाऊक होतं. मागच्या नोव्हेंबरात या अमेरिकन शहरानं मतदान करून भाडेनियंत्रणाचा कायदा आणला. ज्या रात्री निकाल लागला त्या रात्री बायकांनी गॅलऱ्यांतून पातेली वाजवली होती, इदालिनानंही वाजवली होती. पण मालक लोक काय दुधखुळे असतात? भाडं वाढवता येत नाही ना, मग भाड्यानं देतंय कोण! तीन मजली लाकडी घरांचे तीन तुकडे करायचे, प्रत्येक मजल्याचा स्वतंत्र कागद करायचा, कॉन्डो म्हणून विकून टाकायचे, आणि भाडेकरूनं आपलं बोचकं घेऊन चालू पडायचं. उतारावरची निम्मी घरं अशी गेली. शेवटी नगरपालिका जागी झाली आणि पंधरा जूनपासून या प्रकाराला तिनं स्थगिती दिली. पंधरा जूननंतर एकही नवा अर्ज घ्यायचा नाही. तेव्हा वरच्या मजल्यावरची ओडेट आरूदा दोन ग्लास आणि घरची वाईन घेऊन खाली आली होती. "सुटलो ग कोमाद्र!" म्हणाली होती. ओडेटच्या मुलीची, लुसेलियाची, इदालिना धर्ममाता. म्हणून या दोघी एकमेकींना कोमाद्र म्हणत. इदालिनाला आठवलं, ओडेट तेव्हा जरा जास्तच हसली होती. का हसली होती? आणि ग्लास भरताना तिचा हात का थरथरला होता? आपण तेव्हा वयाला दोष दिला. वयाचं काय, वय काय फक्त तिलाच आहे?

आता बघा, संशय असा कुठूनही आत येत नाही, त्यालाही किल्ली लागते. इदालिनाच्या घराची दुसरी किल्ली जगात एकाच माणसाकडे होती. ऑगस्टमध्ये इदालिना तीन आठवडे पोर्तुगालच्या साँव मिगेल बेटावर बहिणीकडे गेली होती, आणि बिगोनियांना पाणी घालायला किल्ली ओडेटच्या हातात ठेवून गेली होती. परत आली तेव्हा बिगोनिया टवटवीत होत्या, टेबलावर पाव होता, फरशीसुद्धा पुसलेली होती. फरशी का पुसली? पाणी घालायला सांगितलं होतं, फरशी पुसायला नव्हे. कुणाच्या तरी बुटांचे ठसे पुसले असतील. स्टुलावरून उतरेपर्यंत इदालिनाच्या मनात सगळं चित्र तयार झालं होतं: खाली मालकाचा मुलगा नेल्सन रपोझू गाडीत बसलाय, त्याचा मोजणीवाला जिना चढतोय, आणि ओडेट, तीस वर्षांची कोमाद्र, दाराला किल्ली लावतेय. चित्र इतकं स्पष्ट होतं की त्यात ओडेटच्या अंगात कोणता स्वेटर होता तेही तिला दिसलं.

म्हातारे सेन्योर हेर्मानू असते तर ही वेळच आली नसती. त्यांनी तेहेतीस वर्षांत कागद केला नाही. हातावर हात, बस्स. मागल्या अंगणात त्यांची द्राक्षांची वेल, ऑक्टोबर आला की तळघरात तिन्ही मजल्यांनी मिळून द्राक्षं दाबायची, आणि पहिला ग्लास तिबुर्सियोच्या हातात, कारण त्याची जीभ चांगली. तिबुर्सियो म्हणजे इदालिनाचा नवरा. गिरणीत होता, छातीनं गेला. तो गेला तेव्हा नऊ दिवस ओडेटनं या घरातलं एक भांडं इदालिनाला विसळू दिलं नाही. ही आठवण आली की संशय जरा मागे सरायचा, आणि मग तीच आठवण त्याला पुढे ढकलायची: नऊ दिवस घरात होती म्हणजे घराचा कोपरान् कोपरा हिला पाठ. म्हातारे मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांचा खालचा मजला तेव्हापासून रिकामा, पडदेही नेल्सननं काढून नेले. नेल्सन इथेच जन्मलेला, याच अंगणात गुडघे फोडून घेतलेला. इदालिनानं त्याच्या गुडघ्याला औषध लावलेलं. आता गुडघे बरे झाले, अजून काय.

संध्याकाळ व्हायच्या आत जिन्यातच गाठ पडली. ओडेट बाजारातून येत होती, हातात कोबीसारख्या हिरव्या पानांची जुडी, सूपासाठी. इदालिना वाट अडवून उभी राहिली.

"ऑगस्टमध्ये माझ्या घरात कोण आलं होतं ग?"

ओडेट थांबली. जुडी या हातातून त्या हातात घेतली. "का? काय झालं?"

"कोठीघरात पट्टी आहे. युनिट दोन म्हणून. कुणीतरी मोजमाप करून गेलंय."

इदालिना तिच्या तोंडाकडे बघत होती, डोळा न हलवता. ओडेटच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, हे तिनं नक्की पाहिलं. मग काहीतरी हिशेब केल्यासारखं तिचं तोंड मिटलं. नवे दात होते तिच्या तोंडात, पांढरे शुभ्र, उन्हाळ्यातच बसवलेले. लुसेलियानं बसवून दिले म्हणे. म्हणे!

"पट्टी अजून तशीच आहे? काढली नाहीस ना?" ओडेटनं विचारलं.

"तुला काय करायचंय? कोण आलं होतं ते सांग."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू दार उघडून दिलंस."

जिन्यात खालच्या रिकाम्या घराची थंडी वर येत होती. ओडेट एक पायरी चढली, मग दुसरी. "मग तसंच समज, कोमाद्र," ती म्हणाली. "तुला वाटायचं ते वाटू दे."

"किल्ली दे माझी!"

ओडेटनं पर्स उघडली, जुडग्यातून किल्ली काढायला तिला बराच वेळ लागला, नख मोडलं बहुतेक. किल्ली तळहातावर ठेवली आणि वर गेली. ना रडली, ना भांडली. भांडली असती तर बरं झालं असतं. खरं माणूस भांडतं, शिव्या घालतं, आई-बाप काढतं. गप्प कोण बसतं? ज्याला गप्प बसायचे पैसे मिळालेत तो!

भाडेकरू संघाची मेव्ह नावाची मुलगी दोन दिवसांनी आली. तांबड्या केसांची, चळवळी, कुठल्याही घरात शिरली की आधी रेडिएटरला हात लावून बघणारी. तिनं पट्टीचा फोटो काढला आणि आनंदानं टाळीच वाजवली. "सेन्योरा, ही पट्टी म्हणजे तुमचं घर आहे!" म्हणाली. मग नीट समजावून सांगितलं. नेल्सननं अर्ज टाकला होता तो स्थगितीच्या आदल्या दिवशी, चौदा जूनला. पण नियम असा की मजल्यांचं मोजमाप अर्जाच्या आधीच झालेलं पाहिजे. नंतर झालं असेल तर अर्ज रद्द आणि घर स्थगितीच्या आत. नेल्सन म्हणतोय मोजमाप मे महिन्यात झालं. पुरावा त्याच्याकडे नाही. "तुमच्या घरात मे महिन्यात कुणी मोजायला आलं होतं?"

"माझ्या घरात? छे! मी मेलेली होते की काय?"

"मग ऑगस्टच. सुनावणीत शपथेवर एवढंच सांगायचं. आणि किल्ली कुणाकडे होती तेही विचारतील हं. नाव सांगावं लागेल."

"सांगेन की," इदालिना म्हणाली. बोलताना तिला जिभेवर कडू चव आली, पण ती तिनं कॉफीवर ढकलली.

त्यानंतरचे पाच आठवडे इदालिनानं छताकडे कान लावून काढले. ओडेटची पावलं तिला तीस वर्षं ऐकू येत होती आणि तिनं ती कधी ऐकली नव्हती. आता एकेक पाऊल मोजत बसली. सकाळी खिडकीशी का थांबली इतका वेळ? नेल्सनची गाडी बघत असेल. दुपारी खुर्ची ओढली, म्हणजे कुणीतरी आलंय, दोन माणसं बसलीत. मग कुणीच जिना उतरायचं नाही, तेव्हा इदालिना स्वतःशी म्हणायची, मागल्या जिन्यानं गेला असेल चोर. रविवारी चर्चमध्ये ओडेट खांबापलीकडे बसू लागली. धर्मकन्या लुसेलियाचा फोन आला, "मादरिन्य, तुमचं काय चाललंय दोघींचं?" तर इदालिना म्हणाली, "तुझ्या आईला विचार, तिचे दात आता चांगले आहेत." ऑक्टोबर आला, द्राक्षं वेलीवर काळी झाली, पक्ष्यांनी खाल्ली, तळघरात कुणी गेलं नाही. एकदा दारात झाकलेलं सूपाचं पातेलं ठेवलेलं आढळलं. इदालिनानं ते हुंगलं. लसूण, बटाटा, तिखट सॉसेज. इतकी माया कशाला आत्ताच? चोराच्या मनात चांदणं! पातेलं तिनं तसंच वरच्या पायरीवर नेऊन ठेवलं, आणि त्या दिवशी कोरडा पाव खाल्ला. पण खरं सांगायचं तर तिला ओडेटचीच सवय होती, घराइतकीच होती. दिवसातून दहा वेळा तोंडापर्यंत यायचं, "अगं ऐकलंस का," आणि ऐकायला कुणी नसायचं. घर जाईल या भीतीनं ती पट्टी बघायला कोठीघरात जायची, दार आतून लावून उभी राहायची, आणि तिथे कांद्याच्या वासात तिला दोन्ही गोष्टींचं रडू यायचं. कोणतं कशाचं ते तिला कळत नसे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी पवित्र आत्म्याच्या बंधुमंडळाचं पाकीट आलं. दरवर्षी मुकुटाच्या घरांना असं पाकीट जातं. इस्टरनंतर सात आठवडे चांदीचा मुकुट सात घरी पाहुणा जातो. कुणाकडे जायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. या वर्षी पाचवी, म्हणजे मे महिन्यातल्या आठवड्याची चिठ्ठी इदालिनाची निघाली होती, तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. मंडळाचा चिटणीस फोटो काढतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर ज्याचे त्याला पाठवतो. इदालिनानं हात पुसून पाकीट फोडलं. पांढऱ्या लेसवर मुकुट, दोन्ही बाजूंना लिली, पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर मेणबत्त्या. काय दिसत होतं घर! तिबुर्सियो असायला हवा होता. पुढचा फोटो स्वयंपाकघराचा होता. गर्दी, टेबलावर गोड पाव, कडेला ओडेटचा अंगठीवाला हात ग्लासात वाईन ओतणारा. आणि ज्याच्या ग्लासात ती ओततेय तो एक उंच, गोरा, कानाशी पेन्सिल खोचलेला माणूस, पावाचा मोठा तुकडा हातात, हसतोय. त्याच्या मनगटात बांगडीसारखं काहीतरी होतं. इदालिनानं फोटो खिडकीशी नेला. मनगटात निळ्या चिकटपट्टीचं रीळ होतं.

त्या आठवड्यात दार लावायचं नसतं. ही रीतच आहे, आजीच्या आजीपासूनची. मुकुट घरात असेपर्यंत येईल तो पाहुणा. नाव विचारायचं नाही, काम विचारायचं नाही, आधी खाऊ घालायचं. इदालिनानं त्या सात दिवसांत दाराखाली लाकडी पाचर ठोकून ठेवली होती. आणि हा आला होता. मंगळवारी, जपमाळेच्या आधी. कुणाचा तरी अमेरिकन जावई असेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं टोपी काढून मुकुटाकडे बघितलं, "सुंदर आहे," म्हणाला, आणि ती विरघळली. तिनंच त्याचा दंड धरला. "ये, ये, सगळं घर बघ! ही निजायची खोली, हे इथून बंदर दिसतं, हे माझं कोठीघर." त्यानं विचारलं, गॅसचा पाइप कुठे आहे? तिला काय त्याचं, तिनं कोठीघराचं दार उघडून दिलं, आणि पाइप बघायला त्यानं ते आतून लोटून घेतलं. त्याच्या हातातल्या यंत्राचा तांबडा ठिपका भिंतीवर फिरत होता तेव्हा ती हसली होती, नवा फोन असेल म्हणून. "अजून पाव घे, वाळलायस किती!" तिनंच दिला होता दुसरा तुकडा, रुमालात बांधून! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं म्हणतात, ते हे. आणि त्याला याच आठवड्यात धाडणारा कोण? ज्याला ठाऊक होतं की या सात दिवसांत या रस्त्यावर मुकुटाच्या घराला दार नसतं. गुडघे फोडून घेणारा नेल्सन. नोटीस धाडली असती तर भाडेकरू सावध झाले असते. त्यानं पाहुणा धाडला.

इदालिना खुर्चीवर बसली ती कॉफी निवेपर्यंत. वर ओडेट चालत होती, खिडकीपासून गॅसपर्यंत, गॅसपासून खिडकीपर्यंत. फोटो फाडायला दोन सेकंद लागले असते. फोटो फाडला की मे महिना उरत नाही, घर उरतं. उद्या "ऑगस्ट" म्हणायचं आणि किल्ली कुणाकडे होती ते सांगायचं. नगरपालिकेच्या कागदावर चढेल: ओडेट आरूदा हिनं दार उघडलं. कायमचं. वर जावं, पाय धरावेत, असं तिला वाटलं, ती दारापर्यंत गेलीही. पण तिथे परत तो किडा वळवळला. मेव्हनं सांगितलं होतं, उद्याच्या यादीत तुमच्यानंतर तुमच्या वरच्या बाईंचं नाव आहे. ती कशाला बोलतेय? नेल्सनच्याच बाजूनं बोलणार असली तर? इदालिनानं दार परत लोटलं. इतकं कळूनसुद्धा तिचं मन त्या बाईला सोडायला तयार नव्हतं, याचीच तिला किळस आली.

नगरपालिकेच्या सभागृहात नेल्सननं तिच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली. "कशा आहात, दोना इदालिना? गुडघे काय म्हणतात?"

"तुझ्यापेक्षा बरे," ती म्हणाली.

मोजणीवाला पहिल्या रांगेत बसला होता. पेन्सिल आजही कानाशी. त्यानं साधेपणानं सांगितलं की मे महिन्यात गेलो होतो, बाईंनी पाव दिला, फार छान होता. लोक हसले. मेव्हनं त्याला विचारलं, काही पुरावा? तो म्हणाला, नाही, पाव संपला. परत हसले. मग इदालिनाचं नाव पुकारलं गेलं. तिनं शपथ घेतली. तीन खुर्च्या सोडून ओडेट बसली होती, चांगला काळा कोट घालून, हातात पर्स घट्ट, आणि इदालिनाकडे टक लावून बघत होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हटल्यासारखी. इदालिनाला वाटलं, ही मला धमकावतेय.

"तुमच्या घरात मोजमापाला कुणी, केव्हा आलं होतं, बाई?"

मेव्ह हसून तिच्याकडे बघत होती. इदालिनाच्या डोळ्यांपुढे बंदराची खिडकी आली, तिबुर्सियोची खुर्ची आली, आणि मग लेसवरचा मुकुट आला. तो घरात असताना आपण सात दिवस खोटं बोललो नव्हतो, एवढंच तिला आठवलं.

"हा आला होता," ती म्हणाली. "मे महिन्यात. आमच्या मुकुटाच्या आठवड्यात. मीच त्याला आत घेतलं, मीच कोठीघर उघडून दिलं." तिनं पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला. "किल्ली कुणी लावली नाही. दार उघडंच होतं."

मेव्हनं कपाळावर हात ठेवला. नेल्सन खाली बघत बसला, त्याला हसायलाही जमेना. पुढचं नाव ओडेट आरूदा असं पुकारलं गेलं, तर ओडेट उठलीच नाही. "मला आता काही सांगायचं नाही," ती बसल्या जागेवरून म्हणाली. पाऊण तासात निकाल झाला. अर्ज खरा, घर स्थगितीच्या बाहेर. वयस्कर भाडेकरूंना वर्षभराची मुदत.

बाहेर पायऱ्यांवर वारा सुटला होता. ओडेट कठड्याला धरून उतरत होती. इदालिनानं तिला गाठलं.

"कोमाद्र, माझं चुकलं. मी तुझ्यावर..."

"गप्प बस," ओडेट म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "पाच आठवडे मी तुझं तोंड सहन केलं, चर्चमध्ये खांबाआड बसले, पोरीला खोटं सांगितलं. आणि तू शेवटच्या क्षणाला माती खाल्लीस!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! त्याच्या ग्लासात वाईन कुणी ओतली होती? मी! तू पट्टी म्हणालीस त्या क्षणी मला कळलं कोण ते, आणि तारखेचा नियम मी संघाच्या बैठकीत आधीच ऐकला होता. मी आज उभी राहून सांगणार होते, ऑगस्टमध्ये दार मी उघडलं म्हणून. सगळं पाठ करून आले होते. तुझं घर राहिलं असतं, माझं राहिलं असतं."

इदालिनानंही कठडा धरला. "मग मला जिन्यातच का नाही सांगितलंस ग?"

"सांगितलं असतं तर तू आत्ता केलंस तेच केलं असतंस," ओडेट म्हणाली. "तुला खोटं बोलता येत नाही. संशय मात्र छान घेता येतो. म्हटलं, घेऊ दे, त्यानं घर वाचत असलं तर वाचू दे."

बस आली आणि गेली. दोघी तिथेच उभ्या होत्या. इदालिनानं पर्समध्ये हात घातला, चाचपडत किल्ली काढली आणि पुढे केली. ओडेटनं किल्लीकडे बघितलं.

"वर्षभरासाठी?" ती म्हणाली.

"वर्षभरासाठी."

ओडेटनं किल्ली घेतली आणि त्या मोडलेल्या, आता वाढलेल्या नखानंच ती परत जुडग्यात अडकवायला लागली.